मंडळीत नाव

आमच्या मंडळीचा सगळा कारभार एका दोनशे पानी वहीत मावतो. पुढून जमाखर्च, मागून नावं. जमेच्या रकान्यात दानार्पण, दशांश, कुणाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती. खर्चात खोलीचं भाडं, विजेचं बिल, पाळकसाहेबांचं एसटीचं तिकीट आणि जवळजवळ प्रत्येक पानावर चहापूड. मागच्या बाजूला नावापुढे एक रकाना आखलाय, 'मूळ मंडळी'. त्यात नगर आहे, मिरज आहे, कोट्टयम आहे, सिमडेगा आहे, एक तिरुनेलवेलीही आहे. महाड कुठेच नाही. वही माझ्याकडे असते, पैसे बाईंकडे. बाई मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या, इथे वसाहतीजवळच्या एका दवाखान्यात काम करतात. पैशाच्या बाबतीत सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि सगळे त्यांना थोडे टरकूनही असतात, कारण वर्गणी मागायला बाई लाजत नाहीत.

गोव्याच्या रस्त्यावर महाड शहर मागे पडलं की नांगलवाडी फाट्यावरून आत वळायचं. मग बिरवाडीच्या अंगाला पसरलेली एमआयडीसी लागते. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास सुटी संपवून गावाहून परतल्यावर एखादा दिवसच जाणवतो. रंग, रसायनं, औषधांचा कच्चा माल. अशा कारखान्यांना रविवार नसतो. रिॲक्टरमध्ये बॅच लागली की ती आपल्या वेळेनेच उतरणार, आणि मी क्यूसीत असल्यामुळे सॅम्पल रात्री दोनला आलं तर रिपोर्टही रात्रीच गेला पाहिजे. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. आमची उपासना रविवारी दुपारी चारला असते. पहिल्या पाळीवाले घरी जाऊन, आंघोळ करून येतात. नाइटवाले अर्धवट झोपेतून उठून येतात. दुसऱ्या पाळीवाले येतच नाहीत, ते प्लांटवर असतात. पाळ्या फिरत राहतात, म्हणून दर रविवारी समोर वेगळीच मंडळी बसलेली असते. पेटीवाला दुसऱ्या पाळीत गेला की त्या रविवारची गाणी ज्याच्या त्याच्या पट्टीत होतात. सिमडेग्याचा एक पोरगा पाण्याच्या रिकाम्या निळ्या ड्रमवर मांदराचा ठेका धरतो. 'उपासना संगीता'तली टिळकांची पदं त्या ठेक्यावर ऐकताना मला सुरुवातीला कसंतरीच व्हायचं. आता ठेका नसला तर चुकल्यासारखं वाटतं.

हजेरीच्या आकड्याचं म्हणाल तर, याच जिल्ह्यात बेने इस्रायली ज्यू लोकांची सिनेगॉग आहेत, अलिबागचं तर ठाऊक असेलच. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. माणसं इस्रायलला निघून गेली आणि त्यांच्या कित्येक सिनेगॉगमध्ये हा दहाचा आकडा भरेना. आमच्या येशूने दोघा-तिघांवर भागवून घेतलं, हे एका परीने फार बरं केलं. पाळ्या लावणारा सुपरवायझरही त्याला दुवा देत असेल.

खोलीत कोण कोण बसतं ते सांगायला हवं. माझ्यासारखे दोन-तीन नगरकडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चांनी एकत्र येऊन उभं राहिलं. त्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की कळत्या माणसाला, यावरच केवढा खल झाला. शेवटी दोन्ही रीती चालतील असं ठरवून मोठमोठे विद्वान सह्या करून उठले. आमच्या खोलीत तो खल अजून उठलेला नाही. डोक्यावर पाणी शिंपडलेले आम्ही, आणि मोठेपणी नदीत बुडवून काढलेले आणखी काही जण. एकमेकांच्या बाप्तिस्म्याकडे जरा संशयानेच बघतो आणि एकाच सतरंजीवर बसतो. झारखंडची पोरं ठेकेदाराकडे कामाला. त्यांतले काही लुथरन, काही कॅथलिक. कोट्टयमचे चेट्टन ऑर्थोडॉक्स. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात तेव्हा प्रभुभोजन असतं. त्या वेळी चेट्टन भाकर घेत नाहीत, पेल्याला हात लावत नाहीत. त्यांच्या चर्चला ते मंजूर नाही. डोळे मिटून बसून राहतात. विधी संपला की पहिले उठतात आणि चहा टाकतात. त्यांना कुणी कधी 'का घेत नाही' असं विचारलेलं नाही. 'मागच्या रविवारी का आला नाहीत' हे मात्र बाईंनी विचारलंय, दोनदा.

मंडळीत असणं म्हणजे एकाच गोष्टीवर विश्वास असणं, असं बाहेरच्यांना वाटतं. लहानपणी मलाही वाटायचं, कारण दृढीकरणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली जायची. इथे येऊन पाहिलं तर कोण काय मानतो याची चौकशी फार क्वचित होते. चौकशी होते ती गैरहजेरीची, थकलेल्या वर्गणीची आणि सतरंज्या धुवायची पाळी कुणाची होती याची. ही बारीकसारीक मागणी म्हणजे अध्यात्माच्या वाटेतली कटकट, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. मत बदललं ते एका मयताच्या वेळी.

आमच्यातले एक बॉयलर अटेंडंट गेले. नेवाशाकडचे. ऐन पावसाळ्यात, ड्युटीवरून आल्यावर छातीत कळ आली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बायकोचं एकच म्हणणं, त्यांना त्यांच्या आईशेजारी ठेवायचं. वरंध घाट बंद होता. ॲम्ब्युलन्स माणगावला जाऊन ताम्हिणीवरून पुण्याला आणि पुढे नगरला काढायची ठरली. बर्फ, डिझेल, ड्रायव्हरचे पैसे. बाईंनी वही मागून घेतली आणि फोन लावायला बसल्या. दरम्यान मी मयताच्या मूळ मंडळीत फोन केला. पलीकडच्या माणसाने थांबा म्हणून सांगितलं, कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला, "यांची वर्गणी बऱ्याच वर्षांची थकलेली आहे."

मी चिडलो. मेलेल्या माणसाची बाकी काढणारी ही कसली मंडळी? फोन ठेवून मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मयताची बायको भिंतीला टेकून बसली होती. आमचं बोलणं तिने ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, बाकी काढली म्हंजे नाव ठेवलंय त्यांनी. खोडलं नाही."

बाईंनी थकबाकी भरायचं ठरवलं. मी म्हटलं, मंडळी माफ करेल, मी बोलतो. बाई म्हणाल्या, "माफ कशाला? माणूस उधार राहून गेलेला बरा दिसतो का? आपण भरू." झारखंडच्या पोरांनी त्या संध्याकाळी आपसात पैसे काढले. त्यांचा ठेकेदार वेळेवर पगार देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी ते घेऊ नयेत असं बाईंना सुचवलं. त्यांनी ते मोजून घेतले, वहीत प्रत्येकाचं नाव लिहायला लावलं आणि 'मिळाले' म्हणून खाली सही केली. पोरं जाताना ताठ चालत गेली.

मागितलं म्हणजे आपलं धरलं, ही गोष्ट मला तेव्हा नवी वाटली, पण आमच्या घरात ती फार जुनी आहे. माझे खापरपणजोबा १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. नगर जिल्ह्यात त्या काळात गावंच्या गावं मिशनकडे वळली, आणि तेव्हापासून आम्हाला 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून हिणवायची रीत आहे. पोटासाठी धर्म सोडला, असं म्हणतात. असेलही. पोट हे काही धर्माबाहेरचं इंद्रिय नव्हे. पण त्या टोमण्यात एक गोष्ट सुटते. महार म्हणून गावाने माझ्या खापरपणजोबांना जे दिलं ते शिळंपाकं होतं, वरून टाकलेलं होतं. गावजत्रेची वर्गणी त्यांच्याकडे मागायला कुणी आलं नसणार. आणि मंडळीत नाव लागल्यावर थोड्याच दिवसांत मंडळीने त्यांच्याकडे मागायला सुरुवात केली. धान्य झालं की त्यातलं आण. कोंबडीने अंडी घातली की त्यातलं एक आण. आमच्या आजीच्या तोंडी ही गोष्ट तक्रारीच्या सुरात यायची. त्या तक्रारीत जरा ऐटही असायची, असं आता वाटतं.

हे मागणं काही योगायोगाने आलेलं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. पुढे १८५४-५५ मध्ये बोस्टनहून अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन इकडे येऊन गेले. स्थानिक मंडळीने आपला पाळक आपणच निवडावा, आपणच पोसावा, आणि आपलं काम आपणच वाढवावं, हा त्यांचा आग्रह. १८५४ मध्येच नगरला हरिपंत खिस्ते आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. त्यांना पोसायचं कुणी, तर अवघ्या मंडळीने, आणि पुढे त्या मंडळीत बहुसंख्या झाली महार-मांगांची. महाराच्या घरचं धान्य आणि ब्राह्मणाच्या घरचा पाळक, आणि प्रभुभोजनाला दोघांच्या ओठांना एकच पेला. अँडरसनसाहेबांना कदाचित फक्त बोस्टनचा खर्च वाचवायचा असेल. पण आमच्या वाडीत त्या हिशेबाचा अर्थ काही वेगळाच लागला.

सावित्रीच्या खोऱ्यात असं काही घडलं नाही. खरं तर सुरुवात इथूनच व्हायची. सावित्री समुद्राला मिळते तिथे बाणकोटला स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्येच येऊन शाळा काढत होते. पुढे विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव मिळालं ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला इकडे हर्णैला येऊन राहिले. मग मिशनने आपला मुक्काम किनाऱ्यावरून मुंबई-पुण्याला हलवला. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत नगरसारखी गावोगावची मंडळी उभी राहिलीच नाही. म्हणून आमच्या वहीत 'मूळ मंडळी' हा रकाना आहे आणि त्यात महाड नाही. आम्ही सगळे इथे एमआयडीसीने आणून टाकलेले.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडालं तेव्हा हे आणून टाकलेलेपण जरा कमी झालं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. शहरात बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. आमच्यातली काही कुटुंबं शहरात भाड्याने राहायची. पाणी ओसरल्यावर गेलो तर घरात गुडघाभर गाळ, आणि त्या गाळाला डिझेल, सांडपाणी, कुजलेलं धान्य यांचा मिळून एक वास, जो वसाहतीच्या वासालाही मागे टाकेल. कपाटं उताणी पडलेली. एका घरात 'उपासना संगीत' सापडलं. पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली. उन्हात ठेवून सुरीच्या पात्याने एकेक पान सोडवायचा प्रयत्न केला, तर अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटलेली.

राज्यभरातून माणसं आली, ट्रक आले. पाणी, बिस्किटं, चादरी. लोकांनी फार केलं, ते विसरता येणार नाही. पण चार-पाच दिवस रांगेत उभं राहून हातात पाकीट घेतलेला माणूस हळूहळू बोलेनासा होतो, हेही मी पाहिलं. आमच्यातल्या ज्यांचं घर पार गेलं होतं, ते मिस्त्री काका, असेच गप्प झाले होते. एके दिवशी बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काका, उद्या सकाळी खराटा आणि घमेलं घेऊन या. अमक्यांच्या घरी गाळ काढायला माणूस कमी पडतोय." मला ते निर्दयपणाचं वाटलं. काका आले. दिवसभर गाळ उपसला, दुपारी सगळ्यांबरोबर खिचडी खाल्ली, आणि संध्याकाळी आमच्या घमेली धरायच्या पद्धतीवरून पहिल्यांदा शिव्या घातल्या.

एवढ्यावरून मंडळी म्हणजे काही गोकुळ आहे असं कुणी समजू नये. चर्चच्या निवडणुका जवळून पाहिलेला माणूस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला घाबरत नाही. जमिनी, ट्रस्ट, कोर्टकज्जे यांत आमच्या मोठ्या मंडळ्यांच्या कितीतरी पिढ्या झिजल्या. आमच्या खोलीत जमीन नाही म्हणून कज्जा नाही. भांडणाला पेटी आहे, ती कुणाच्या घरी ठेवायची. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय याची बातमी प्रार्थनेच्या विनंतीतून पसरते. 'अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, ती मोहात आहे' असं म्हटलं की झालं काम. बायका स्वयंपाक करतात, सतरंज्या घालतात, सर्वांत जास्त पैसे महिला मंडळ जमवतं. पाळकसाहेब आले की खुर्च्यांवर मात्र आम्ही पुरुष बसतो. बाईंनी यावर एकदा तोंड उघडलं होतं. त्यानंतर एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवतात आणि त्या तिच्यावर पर्स ठेवून खाली बायकांत बसतात.

भातकापणी झाली की आम्ही सुगीचा सण करतो. हा आमचा सर्वांत गमतीचा दिवस. नगरला गावाकडे लोक ज्वारीची कणसं, कोंबड्या, बोरं घेऊन येतात. इथे शेती कुणाचीच नाही, तर पोलादपूरच्या बाजारातून विकत आणलेला दुधी, नारळ, गावठी अंडी, काकडी, कुणी बायकोच्या हातचं लोणचं असं वेदीपुढे मांडलं जातं. उपासना झाली की लिलाव. मिस्त्री काका लिलाव पुकारतात. चाळीस रुपयांचा दुधी तीनशेवर जातो आणि बहुधा ज्याने आणला त्याच्याच गळ्यात पडतो. लहान मुलं एकेका अंड्यावर बोली लावतात. नवीन आलेला एखादा इंजिनिअर कुजबुजतो की सरळ पाकिटात पैसे टाकले तर वेळ वाचेल. वाचेल खरा. पण तो दुधी उचलून धरणं, त्याच्यावर विनोद होणं, पोरांनी बापाकडे बघत "पन्नास!" म्हणून ओरडणं, ज्याची ऐपत नाही त्याच्या पाच रुपयांच्या लिंबावर चेट्टननी मुद्दाम बोली चढवत नेणं, हे पाकिटात कसं टाकणार?

मंडळीच्या या वहीबाजपणाला कंटाळलेली माणसं आमच्यात पूर्वीपासून आहेत, आणि ती लहानसहान नव्हेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो वाचताना मजा येते. अमुक चर्चने ठरवलं म्हणून तमुक मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. एवढा सगळा शास्त्रार्थ मागे टाकून आलेली बाई पुन्हा नव्या पुरोहितापुढे मान का तुकवेल? आणि तीच बाई पुढे केडगावला 'मुक्ती'त दुष्काळातून आणलेल्या मुलींची अशी शिस्तीची मंडळी उभी करते की तिथे उठण्याबसण्याच्या वेळा घंटेवर! मला यात विसंगती दिसत नाही. त्यांना दुसऱ्याने आखलेल्या रकान्यात बसायचं नव्हतं. रकाने त्यांनीही आखलेच.

रेव्हरंड टिळकांचं दुखणं वेगळं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये काम केलं, आमच्या गाण्यांना मराठी तोंडवळा दिला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ख्रिस्ताचा शिष्य व्हायला चर्चच्या दारातून आत यायलाच हवं असं नाही, ही त्यांची धारणा. कल्पना अशी सुंदर की तिच्यासमोर आमची दोनशे पानी वही अगदीच दरिद्री दिसते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबारही ओसरला. कवीभोवती जमलेली माणसं कवी गेल्यावर घरी गेली. थकबाकी काढायला कपाट उघडणारा कुणी दरबारात नसावा, असं मी म्हणतो तेव्हा बाई हसतात. पण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची आपली वर्षं सांगितली आहेत, वेगळी चूल, वेगळं पाणी, आणि मग एके दिवशी ते सोवळं कसं गळून पडलं. ते वाचताना पक्कं वाटतं की त्या दरबारात रोजचा हिशेब ठेवायची धमक असलेलं एक माणूस होतं. तिच्याकडे वही द्यायला हवी होती.

तरीही टिळकांचा प्रश्न माझ्या वहीत येऊन बसलाय. आमच्याकडे एक जण नेमाने येतो, त्याचं नाव वहीत नाही. त्यानेच नको सांगितलंय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंना मिळतो, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात घालतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीला अशी किंमत आहे. ज्या विहिरीवर आजोबांना पाणी मिळालं नाही ती विहीर नातवाचा धर्म बदलला म्हणून पुसली जात नाही, हे सरकारला कोण समजावणार? या माणसाची मुलगी शिकते आहे. त्याने नाव लावावं असं पाळकसाहेबांना वाटतं. लपवाछपवी बरी नव्हे असं ते म्हणतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असेल. मी मात्र त्याला आग्रह करणार नाही. माझ्या खापरपणजोबांनी जे गमावलं ते गमावताना त्यांच्याकडे गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं.

बाईंनी यावर आपला तोडगा काढलाय. नाव वहीत नाही, पण वर्गणी त्याच्याकडे मागतात. रक्कम 'एका भावाकडून' म्हणून जमेला धरतात. सतरंज्यांची पाळीही त्याला लावतात. चुकली तर ओरडतात. तो एकदा मला म्हणाला, "नाव नाही म्हणून सुटेन असं वाटलं होतं."

याच माणसामुळे आमच्याकडे दरवर्षी नाताळच्या वेळेचा वाद होतो. महाडमध्ये २५ डिसेंबरला आणखी एक अर्थ आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर सनातन्यांनी मंत्र म्हणत, शेणगोमूत्राची मडकी ओतून तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा मांडवाला जागा कुणी देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि २५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात जिंकायला १९३७ उजाडलं. दर २५ डिसेंबरला महाडला माणसं येतात, बाया विशेष येतात. माझी चुलत घरं १९५६ नंतर बौद्ध झाली. त्यांच्यातलं कुणी ना कुणी त्या दिवशी येतं आणि मग माझ्याकडे जेवायला थांबतं. मी केक कापलेल्या हाताने त्यांच्याबरोबर तळ्यावर जातो. आमच्या प्रभुभोजनाचा पेला आणि ते पाणी यांच्यात काही नातं आहे का, असा प्रश्न मला तिथे पायऱ्यांवर उभा असताना पडतो. पाळकसाहेबांना तो अजून विचारलेला नाही. चुलत भावाला विचारला तर तो म्हणाला, "तुमच्यात तरी सगळे एकाच पेल्यातून पितात का रे आता?" करोनानंतर आम्ही प्रत्येकाला वेगळी छोटी प्लास्टिकची पेली देतो. मी गप्प बसलो.

तर वाद असा. नाताळची उपासना पूर्वी सकाळी दहाला असायची. ज्यांना तळ्यावर जायचंय त्यांना ती अडचणीची. त्या भावाने, वहीत नाव नसलेल्याने, सभेत उठून मागणी केली की उपासना सात वाजता घ्या, म्हणजे नऊला सगळे मोकळे. सभासद नसलेल्या माणसाने सभेत ठराव मांडावा का, यावर अर्धा तास गेला. चेट्टन म्हणाले, त्यांच्याकडे नाताळची उपासना पहाटे तीनला सुरू होते, सात म्हणजे काहीच नाही. पहिल्या पाळीवाल्यांचं म्हणणं, सातला तर आमची पाळी सुरू होते, आम्ही काय करायचं? मग कुणी साडेपाच सुचवलं. बायकांनी विचारलं, साडेपाचला यायचं तर करंज्या कधी तळायच्या, आणि तळायला कोणकोण पुरुष येणार आहेत त्यांची नावं आत्ताच सांगा. बाईंनी माझ्याकडून वही ओढून घेतली आणि नवीन पान काढलं. आत्तापर्यंत त्यावर तीन नावं आली आहेत, त्यांतलं एक माझं, मला न विचारता लिहिलेलं.